विश्वास सोडून गेलेल्याचं तारण जातं का? इब्री ६ आणि माझा धाकटा भाऊ

थोरली (नगर)

सर्वांना सलाम. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. तारण, म्हणजे पापापासून ख्रिस्तात मिळालेली सुटका, विश्वास सोडल्यावर जातं का, हा प्रश्न जुना आहे, पण मागच्या महिन्यापासून तो आमच्या घरात मुक्कामाला आलाय.

माझा धाकटा भाऊ आता ४६ वर्षांचा आहे. संडेस्कूलमध्ये सुवर्णवचन सगळ्यांत आधी त्याचं पाठ व्हायचं. पुढे गायनमंडळात होता, तरुण संघाचं सगळं काम बघायचा. नऊ वर्षांपूर्वी मंडळीत जमिनीवरून दोन तट पडले. वडील हिशेब बघायचे, त्यांच्यावर खोटा आळ आला. त्या धसक्याने ते अंथरुणाला खिळले आणि गेले. दफनाच्या वेळी दोन्ही तटांची माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. घरी आल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आता पुरे." वर्षभराने त्याने आईला सरळ सांगितलं, "देव आहे असं मला वाटत नाही. तुझ्यासाठी नाटक करणार नाही." तेव्हापासून त्याने प्रभुभोजन (चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस) घेतलेलं नाही.

तरीही दर रविवारी आईला गाडीतून चर्चला तोच आणतो. लिंबाखाली गाडी लावतो, पेपर वाचत बसतो आणि उपासना सुटली की आईचा हात धरायला पायरीशी येतो.

आमच्या चर्चच्या दाराशी प्रार्थना-विनंतीची लाकडी पेटी आहे. आईने नऊ वर्षं दर रविवारी त्याच्या नावाची चिठ्ठी त्यात टाकली. मागच्या महिन्यात एक पाहुणे उपदेशक आले. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांच्या पत्रातून ६:४-६ ही वचनं वाचून म्हणाले, एकदा प्रकाश पाहून जो मागे फिरला त्याला पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य, तिथे दार बंद. नंतर चहाच्या वेळी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आईला १ योहान ५:१६ उघडून दाखवलं. मरण्याजोगं पाप असतं, त्यासाठी विनंती करा असं योहान म्हणत नाही.

त्या रविवारपासून आईची चिठ्ठी बंद झाली. म्हणते, "लिहिलंय ना अशक्य म्हणून? मग मी देवाला कशाला साकडं घालू?" पोळी अर्धी खाऊन ताट सारते.

मला धीराचे शब्द नकोत. वचन खरंच काय म्हणतं ते सांगा, कडू असलं तरी.

तरुण_सेवक (पिंपरी)

ताई, तुमचं दुःख समजतं. पण कडूही सांगा म्हणालात, म्हणून लिहितो.

'एकदा तारण, कायमचं तारण' असं पुष्कळ जण म्हणतात, पण हे बायबलमधलं वाक्य नाही. इब्री ६ मध्ये ज्यांचं वर्णन आहे ते नावापुरते ख्रिस्ती नाहीत. त्यांना प्रकाश मिळाला, स्वर्गीय दानाची चव मिळाली, ते पवित्र आत्म्याचे भागीदार झाले. विश्वासणाऱ्याचं याहून पुरं वर्णन कसं करायचं? इब्री १०:२६ वाचा. योहान १५ मधला फाटा वेलावरच होता, तो तोडून टाकला. रोम ११:२२ मध्ये पौल विश्वासणाऱ्यांनाच बजावतो की टिकून राहिला नाहीत तर तुम्हीही छाटले जाल. पौलाबरोबर काम केलेला देमास या जगावर प्रेम करून त्याला सोडून गेला (२ तीम. ४:१०).

मी मजुरांच्या वस्तीत सेवा करतो. तिथल्या एका ठेकेदाराची साक्ष फार गोड असते आणि शनिवारी मजुरी मात्र कापलेली असते. विचारलं तर म्हणतो, माझं तारण पक्कं आहे. त्या मजुरांच्या बायकांसमोर हे वाक्य मी कोणत्या तोंडाने शिकवू?

निवृत्त_गुरुजी (जालना)

थोरली, धागा काढलास हे बरं केलंस. सेवकांचा मुद्दाही खरा आहे, त्या ठेकेदाराला इब्री १० च ऐकवायला हवं.

थोडं मागचं सांगतो. हा वाद आपल्या मंडळीतला नाही, फार जुना आहे. हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं लिहून दिली. पाचवं कलम याच प्रश्नावर होतं आणि त्यात त्यांनी तो उघडाच ठेवला. विश्वासणारा कृपेतून निसटू शकतो का, हे शास्त्रातून आणखी नीट शोधायला हवं, असं लिहिलं. तिथल्याच डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) उत्तर देऊन टाकलं की देव आपल्या माणसांना शेवटपर्यंत राखतो. पुढे इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रकाने म्हटलं की खरा विश्वासणारा भयंकर पडू शकतो, काही काळ तसाच पडून राहूही शकतो, पण कायमचा पडत नाही. मेथोडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याला हे पटलं नाही. त्याने १७५१ मध्ये पुस्तिका लिहून ठाम मांडलं की पडू शकतो, नाशही होऊ शकतो. आणि याच वेस्लीने पुढे मागे फिरलेल्यांना हाक देणारं एक प्रवचन लिहिलं. त्यात तो म्हणतो की अशी माणसं परत उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे: १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रिटिश मेथोडिस्ट असे सगळे एका छताखाली आले. म्हणजे डॉर्टचा वारस आणि वेस्लीचा वारस आज एकाच बाकावर बसून एकच भाकर मोडतात. वाद मिटलेला नाही. पण दोघांपैकी एकानेही 'त्याच्यासाठी प्रार्थना थांबवा' असं शिकवलं नव्हतं.

पतसंस्थेतला (संगमनेर)

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर १८ वर्षं काढली. 'तारण' हा शब्द माझ्या कानावर रविवारी एका अर्थाने पडतो आणि सोमवारी दुसऱ्या. सोमवारचा अर्थ असा: बाईच्या गळ्यातली बोरमाळ पिशवीत घालून सील करायची, हप्ते थकले की नोटीस, मग लिलाव. पुष्कळ वर्षं मला वाटायचं देवाकडेही असंच चालत असणार. चार रविवार चुकले, एक नोटीस.

मग एकदा इफिस १:१४ वाचताना 'विसार' या शब्दापाशी थांबलो. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे असं तिथे लिहिलंय. जमिनीच्या व्यवहारात विसार कोण देतो? घेणारा. घेणारा मागे हटला तर विसार त्याचा बुडतो. इथे घेणारा देव आहे आणि त्याने विसार म्हणून स्वतःचा आत्मा दिला आहे. तो मागे हटायचा तर त्याला स्वतःलाच गमवावं लागेल. २ तीमथ्य २:१३ हेच सांगतं, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, त्याला स्वतःला नाकारता येत नाही.

तरुण_सेवक (पिंपरी)

दादा, दृष्टान्त आवडला. पण त्याच्याच आधीचं वचन वाचा, २:१२. आपण त्याला नाकारलं तर तोही आपल्याला नाकारील. विसार घेऊनसुद्धा जमीनमालक खरेदीखताला आलाच नाही तर?

पतसंस्थेतला (संगमनेर)

याचं उत्तर माझ्याकडे नाही, सेवक. विचार करतोय. एवढं मात्र टेबलावर रोज बघतो: मालक आला नाही म्हणून चांगला घेणारा पावती फाडत नाही, त्याच्या घरी चकरा मारतो.

वसईकरीण

मी कॅथलिक, इथे बहुतेक प्रॉटेस्टंट दिसतात, तरी लिहिते. आमची शिकवण तुम्हा दोघांहून वेगळी आहे. १५४७ मध्ये आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं की गंभीर पापाने देवाची कृपा खरोखर हातची जाते. म्हणजे 'गमावता येतं का' याला आमचं उत्तर स्पष्ट होकार आहे. पण त्याच पानांत पापनिवेदनाच्या संस्काराला एक नाव दिलंय, ते मला लहानपणापासून आवडतं. जहाज फुटल्यावर हाती लागणारी दुसरी फळी. बाप्तिस्मा ही पहिली.

आमचं घर समुद्रावरचं. माझे आजोबा एकदा वादळात होडी उलटून फळीला धरून रात्रभर पाण्यात होते. आजी सांगायची, किनाऱ्यावरच्या कोणीही 'होडी बुडाली, आता घरी चला' असं म्हटलं नाही. पहाटेपर्यंत कंदील घेऊन सगळे उभे होते.

ताई, तुमच्या आईंना किनाऱ्यावरून घरी कोणी पाठवलं?

थोरली (नगर)

वसईकरीण, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठून स्वयंपाकघरात गेले. काही वेळ लिहिता आलं नाही.

सेवक, तुम्ही दिलेली वचनं काल रात्री एकेक करून काढली. तुमच्याशी भांडायला नाही, माझ्यासाठीच. मी एक करून पाहिलं. तुम्ही जिथे थांबलात तिथून दोन-तीन वचनं पुढे वाचली.

रोम ११:२२ मध्ये छाटले जाल असं आहे. त्याला लागूनच २३ आहे: तेही अविश्वासात राहिले नाहीत तर कलम करून जोडले जातील, कारण त्यांना पुन्हा कलम करायला देव समर्थ आहे. छाटलेली फांदी. वाळायला टाकलेली. आमच्या आत्याकडे आंब्याची कलमं बांधताना पाहिलंय मी. तिरका छेद, सालीला साल, वर पट्टी, मग कित्येक दिवस नुसतं बघत राहायचं. पौल म्हणतो ते काम देव तोडलेल्या फांदीवर करतो.

इब्री ६ मध्येही तेच. सहाव्या वचनानंतर जमिनीचा दृष्टान्त आहे. पाऊस पिऊनही जी जमीन काटेकुसळं उगवते ती शापाच्या जवळ आलेली असते. जवळ, असं लिहिलंय. आणि नवव्या वचनात सूरच बदलतो: प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची चांगल्याची, तारणासंबंधीची खात्री आहे. त्या सबंध पत्रात 'प्रियजनहो' ही हाक याच ठिकाणी आहे.

मी शाळेत शिकवते. वर्गात 'असंच चाललं तर नापास होशील' असं ज्याला म्हणते तो पोरगा समोर बसलेला असतो. निकाल लागल्यावर कोणी असं बोलत नाही. इब्रीचा लेखक समोरच्याशी बोलतोय. त्याचं वाक्य उचलून समोर नसलेल्या माणसाच्या आईला निकाल म्हणून ऐकवलं, ते मला सलतंय.

तरुण_सेवक (पिंपरी)

ताई, ११:२३ मी वाचलं होतं, पण उपदेशात कधी घेतलं नव्हतं. मान्य करतो.

इब्री ६ मधला 'अशक्य' हा शब्द मात्र मला तुमच्याइतका सहज सोडता येत नाही. लेखकाला कठीण म्हणायचं असतं तर कठीण लिहिलं असतं.

निवृत्त_गुरुजी (जालना)

सोडूही नका, सेवक. सहज सुटेल असा तो शब्द नाही. पहिल्या मंडळीनेही तो सोडला नव्हता.

इ.स. २५० च्या सुमाराला रोमी सम्राट डेशियसचा हुकूम निघाला की सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करावा आणि केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत पपायरसवरचे असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. मजकूर साचेबंद आहे: मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो, आता तुमच्यादेखत पेयार्पण केलं, बळीतलं चाखलं, तशी सही द्यावी. कार्थेजचा बिशप सिप्रियन दुःखाने लिहितो की धरून नेण्याआधी आपलेच लोक आपणहून धावत गेले. काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. हा सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिला होता, त्याबद्दल त्याला बोलही लागले. २५८ मध्ये मात्र त्याने मान पुढे केली.

छळ ओसरल्यावर हीच माणसं दाराशी आली. घ्यायचं का? रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, नाही. देवाला क्षमा करायची तर तो करो, मंडळीला तो अधिकार नाही. तो वेगळा बिशप होऊन बसला, आणि त्याच्या पंथाचं आवडतं वचन कोणतं होतं? इब्री ६. मिलानच्या अँब्रोजने पुढे त्यांना उत्तर दिलं की हे वचन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देण्याविषयी आहे, पश्चात्तापाचं दार बंद करणारं नव्हे. शिवाय माणसाला जे अशक्य ते देवाला शक्य, हेही त्याने जोडलं. त्याचा अर्थ सगळ्यांना पटतो असं नाही, मलाही पुरता पटत नाही. पण मंडळीने वागायचं कसं ते ठरवलं. कागदवाल्यांना चौकशी करून घेतलं. बळी देणाऱ्यांना आधी मरणसमयी, आणि दुसरा छळ दिसू लागल्यावर सगळ्या पश्चात्तापी लोकांना. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने तर कोणी बळजबरी केली नसताना पडलेल्यांनाही वाट दिली. तीन वर्षं ऐकणाऱ्यांत, सात वर्षं लोटांगण घालणाऱ्यांत, दोन वर्षं प्रार्थनेत पण प्रभुभोजनाविना. बारा वर्षं. लांब आहे, पण वाट आहे. आणि मधेच कोणी मरणाला टेकला तर त्याला प्रभुभोजन नाकारू नका, हेही तिथेच लिहिलं.

ही माणसं वेदीपाशी उभी राहून नाकारून आलेली होती. थोरलीचा भाऊ लिंबाखाली पेपर वाचतो.

भीमाकाठ

थोडी पुस्ती जोडते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यांना तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर, सुमारे आठ वर्षांनी. मधल्या वर्षांत कोणी त्यांच्याविषयी निकाल दिला असता तर? आणि ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनच्या कामातून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशन सोडणं म्हणजे ख्रिस्त सोडणं नव्हे, हे आपल्या लोकांना माहीत आहे.

ताईंच्या भावाने मंडळी सोडली की ख्रिस्त, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तो स्वतः म्हणतो दोन्ही. त्याचं म्हणणं खोटं ठरवायचं नाही मला.

उंबऱ्याबाहेर (पुणे)

मी इथे सहसा लिहीत नाही. मी तुमच्या भावासारखाच आहे, ताई. चौदा वर्षं झाली. परत आलेलो नाही आणि येईन असं वचनही देत नाही.

एवढंच सांगायचं होतं की आपल्यावर चर्चा चाललेली कळते. घरी गेलो की काकू आवाज बदलून बोलते, जणू मी रुग्णालयातला आहे. कोणी म्हणतं तुझा विश्वास मुळात खरा नव्हताच, १ योहान २:१९, आपल्यातले असते तर राहिले असते. हे सगळ्यांत लागतं. मी सोळाव्या वर्षी गच्चीवर एकटा गुडघे टेकून रडलो होतो, ते खोटं नव्हतं. आज मानत नाही म्हणून ते खोटं ठरवू नका. कोणी म्हणतं तू नरकात जाणार, त्याचंही मला एवढं वाटत नाही. निदान तो मला तेव्हाही खरा धरतो.

आई प्रार्थना करते ते मला ठाऊक आहे. मी त्यावर विश्वास ठेवत नाही. पण तिने थांबवलं असं कळलं तर मला फार वाईट वाटेल. का, ते नीट सांगता येणार नाही.

निवृत्त_गुरुजी (जालना)

बाळा, लिहिलंस याबद्दल आभार. २:१९ मी स्वतः वर्गात असंच शिकवलं आहे. योहान तिथे ख्रिस्ताला नाकारून मंडळी फोडणाऱ्या गुरूंविषयी बोलतो आहे, दुखावलेल्या पोरांविषयी नाही. ते मी त्या वेळी सांगायला हवं होतं.

तरुण_सेवक (पिंपरी)

उंबऱ्याबाहेर दादा, मीही ऐकलं.

ताई, काल संध्याकाळी वस्तीत पेत्राचा पाठ घेतला. योहान १८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा राहून त्यालाच नाकारतो. योहान २१ मध्ये प्रभू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून, त्यावर मासे ठेवून त्याची वाट बघतो. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. मत्तय १०:३३ मध्ये प्रभू म्हणाला होता की जो मला नाकारील त्याला मीही नाकारीन. ते वाक्य पेत्राने ऐकलं होतं. तरी प्रभूने न्याहारी केली.

पडणं खरं आहे आणि धोका खरा आहे, यावर मी अजून ठाम आहे. पण वस्तीतली एक बाई म्हणाली, "मासे त्यानंच भाजले का? पेत्राला नाही लावलं भाजायला?" मला पुढे बोलता आलं नाही.

थोरली (नगर)

सगळ्यांचे आभार. शनिवारी रात्री आईपाशी बसून इब्री ६ सबंध वाचलं, पहिल्या वचनापासून विसाव्यापर्यंत, मग रोम ११:२३, मग योहान २१. १ योहान ५:१६ पण वाचलं. योहान तिथे कोणाचं पाप तसलं आहे हे ओळखायची खूण देत नाही, आणि प्रार्थना करू नका असा हुकूमही करत नाही. आई चष्मा काढून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पाहुण्यांनी नववं वचन का नाही वाचलं गं?"

तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. 'अशक्य' हा शब्द तिने पेन्सिलने अधोरेखित केलाय, आणि खाली 'प्रियजनहो' पण.

वडिलांच्या वेळचं मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची गोष्ट प्रभूने सांगितली ती कोणासाठी, हे आम्ही दोघींनी वाचलं आणि गप्प राहिलो. त्या दोन तटांपैकी एकात मीही होते. भावाच्या अविश्वासूपणाबद्दल धागा काढताना माझा लिहायचा राहून गेला होता.

काल रविवारी त्याने नेहमीप्रमाणे गाडी लिंबाखाली लावली. आई पायरीवर थांबली, पर्समधून कागद काढला, भिंतीला टेकवून लिहिलं आणि पेटीत टाकलं. मी वाचलं नव्हतं, तिनेच आत बसल्यावर सांगितलं. त्याचं नाव, आणि खाली, पुढच्या मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांच्या हाताला यश दे.